पाखरे धरणाऱ्यांनी सांगितलेली शीव

२७ जानेवारी ते ७ मार्च १८४८ या सुमारे सहा आठवड्यांत हवाई बेटांवरील जमिनींची वाटणी झाली. तिसरा कामेहामेहा, म्हणजेच राजा कौइकेआओउली, आणि त्याचे सुमारे अडीचशे सरदार व कारभारी यांनी एकेक करून आपसातल्या जमिनी वाटून घेतल्या. त्या वाटणीची वही 'बुके माहेले' या नावाने ओळखली जाते. राजाकडे राहिलेल्या जमिनींची नावे एका पानावर, सरदाराकडे गेलेल्यांची समोरच्या पानावर आणि खाली दोघांची मान्यता, अशी तिची साधी मांडणी आहे. जमिनीचे नाव, ती कोणत्या परगण्यात आणि कोणत्या बेटावर, एवढेच त्या पानांवर आढळते. जमीन किती एकर, ती कुठल्या ओढ्यापासून सुरू होते, डोंगरात कुठवर चढते, शेजारी कोण, यांतले काहीच त्या वहीत नाही.

त्या काळी त्याची गरज कुणाला वाटली नाही. नाव उच्चारले की त्या जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येकाला तिची चतुःसीमा ठाऊक असे. पुढे १८५२ मध्ये कायद्यानेच मुभा दिली, की सरदारांना व कारभाऱ्यांना मोजणी न करता केवळ नावाने जमीन बहाल करावी, आणि तिच्या सीमा 'पूर्वापार चालत आल्या तशा' मानाव्यात. या एका शब्दप्रयोगाने फार मोठे काम पुढच्या पिढीवर ढकलले. पूर्वापार म्हणजे कुठवर, हे सांगणारी माणसे वेगाने मरत होती आणि ज्यांना ते जाणून घ्यायचे होते त्यांच्या हातात होकायंत्र व साखळी होती. १८६२ मध्ये या कामासाठी सीमा आयुक्तांची तरतूद झाली. त्या आयुक्तांपुढे म्हाताऱ्या पाखरे धरणाऱ्यांनी, होड्या कोरणाऱ्यांनी, मासेमारांनी आणि अळू लावणाऱ्यांनी दिलेल्या जबान्या हा या पुस्तकाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकातल्या हवाईविषयी मी जे काही वाचले, त्यात सामान्य माणसाचा आवाज इतका स्पष्ट आणि इतक्या तपशिलासह मला दुसरीकडे कुठेही ऐकू आला नाही. म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबली तरी वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी या जमिनी कशा होत्या ते पाहू. प्रत्येक मोठे बेट 'मोकु' नावाच्या परगण्यांत विभागलेले असे. हवाई हे सर्वांत मोठे बेट. त्यावर कोना, कोहाला, हामाकुआ, हिलो, पुना आणि काऊ असे सहा परगणे होते. परगण्याच्या पोटात 'अहुपुआआ' असत आणि गावगाड्याचा सगळा व्यवहार या घटकाभोवती फिरे. अहुपुआआ म्हणजे साधारणपणे समुद्रापासून डोंगरापर्यंत चढत गेलेला जमिनीचा पट्टा. खाली प्रवाळाच्या आतला उथळ समुद्र आणि मासेमारीचा हक्क. किनाऱ्यावर नारळ, मीठ, राहती घरे. थोडे वर रताळ्यांचे माळ. ओढ्याकाठी पाटाच्या पाण्यावर भिजणारी अळूची खाचरे. त्याहून वर नीरफणस, केळी, दोरासाठी ओलोना. आणि शेवटी होडीचे लाकूड देणारे कोआचे रान. एका पट्ट्यातल्या माणसांना लागणारे बहुतेक सगळे त्याच पट्ट्यात मिळावे, हा त्यामागचा हिशेब होता. मकाहिकी या वार्षिक उत्सवाच्या काळात लोनो देवाची मिरवणूक बेटाभोवती फिरे. प्रत्येक पट्ट्याच्या शिवेवर दगडांची रास रचलेली असे, तिच्यावर रानअक्रोडाच्या लाकडात कोरलेले डुकराचे मुंडके ठेवलेले असे आणि तिथेच त्या जमिनीचा नजराणा जमा होई. 'अहु' म्हणजे रास आणि 'पुआआ' म्हणजे डुक्कर. पट्ट्याचे नाव त्यावरूनच पडले.

हे चित्र इतके सुबक आहे की आज शाळांच्या भिंतींवर ते रंगवलेले दिसते. डोंगराच्या टोकापासून समुद्राकडे रुंदावत येणारी, फणसाच्या गऱ्यांसारखी एकाशेजारी एक बसवलेली त्रिकोणी शेते. प्रत्यक्षातली जमीन इतकी आज्ञाधारक नव्हती आणि जबान्यांचे महत्त्व नेमके तिथेच आहे. कर्टिस लायन्स या मोजणीदाराने १८७५ मध्ये 'आयलंडर' या नियतकालिकात हवाईच्या जमिनींवर एक लेखमाला लिहिली. अहुपुआआ शंभर एकरांचा असू शकतो तसाच लाख एकरांचाही, असे त्याने तीत नोंदवले आहे. बरेच पट्टे डोंगरमाथ्यापर्यंत पोहोचतच नसत. रानाच्या कडेला त्यांना शेजारचा एखादा मोठा पट्टा आडवा येई आणि त्यांची वाट तिथेच संपे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण मौना केआ या महाकाय पर्वतावर सापडते. या पर्वताचा बहुतेक सगळा वरचा भाग हामाकुआ परगण्यातल्या काओहे नावाच्या एका जमिनीत मोडतो. किनाऱ्यावर काओहेची रुंदी बेताचीच आहे. पण उआउ नावाचा समुद्रपक्षी पकडण्याचा हक्क काओहेच्या लोकांचा होता. हा पक्षी अन्नासाठी समुद्रावर हिंडतो आणि अंडी घालायला मात्र पर्वताच्या उंच, उजाड उतारांवरल्या बिळांत जातो. त्याची बिळे जिथवर, तिथवर काओहे. पूर्वेच्या उतारावर हुमुउला ही हिलो परगण्यातली जमीन लागते. लाउपाहोएहोएजवळच्या किनाऱ्यावरून ती वर चढते, हिलोच्या इतर सगळ्या जमिनींच्या डोक्यावरून आडवी पसरते आणि थेट मौना लोआच्या मोकुआवेओवेओ या ज्वालामुखीच्या मुखापर्यंत जाते. मौना केआवर तिची वरची हद्द कुठे? पिवळ्या फुलांचे मामाने हे झाड जिथे उगवायचे थांबते तिथे. झाड संपले की हुमुउला संपली, बिळे लागली की काओहे सुरू झाली. समुद्रसपाटीपासून हजारो फुटांवरची ही शीव कुणी साखळीने आखली नव्हती. कोणत्या जमिनीच्या माणसाने कुठवर काय घ्यायचे या वहिवाटीतून ती उमटली होती.

आणखी एक गुंता 'इली' या पोटविभागाचा. अहुपुआआच्या आत इली असत आणि त्यांतल्या काही एकसंध नसून उड्या मारणाऱ्या असत. होनोलुलूजवळच्या पुनाहोउचे उदाहरण लायन्सने दिले आहे. किनाऱ्यावर काकाआकोजवळ एक तुकडा, मग झऱ्याभोवतीची मोठी जमीन, दुसरीकडे अळूची खाचरे आणि मानोआ खोऱ्याच्या तीव्र उतारावर रानाचा एक पट्टा, असे सगळे मिळून एक नाव. या जमिनीवर १८४१ मध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. पुढे तिचाच प्रमुख झालेला विल्यम डी. अलेक्झांडर देशाचा पहिला महामोजणीदार झाला. अशा तुकड्यांची जमीन नकाशावर ठिगळांसारखी दिसते. जगण्याच्या अंगाने पाहिले तर मासा, अळू आणि सरपण हे तिन्ही त्याच घरात येत होते.

या व्यवस्थेत जमिनीची मालकी विकत घेण्यासारखी वस्तू नव्हती. राजाने ती सरदारांकडे सोपवायची, सरदारांनी कोनोहिकी म्हणजे कारभारी नेमायचे, त्यांनी पाण्याच्या पाळ्या, मासेमारीचे निर्बंध, वेठीचे दिवस पाहायचे. आणि कसणारा माणूस जाच झाला तर दुसऱ्या जमिनीत निघून जाई. नवा राजा आला की सरदारांमध्ये जमिनींची फेरवाटणी होई, कसणारा मात्र बहुधा जागेवरच राही. १८४० च्या राज्यघटनेने जमीन सरदारांची व प्रजेची समाईक आहे आणि राजा तिचा व्यवस्थापक आहे, असे लिहून काढले. मग तीनच वर्षांत, १८४३ मध्ये, एका ब्रिटिश जहाजाच्या कप्तानाने बेटांवर ताबा मिळवला आणि तो काही महिने टिकला. परकीय सत्ता आलीच तर समाईक मालकीची जमीन सर्वांत आधी जाईल आणि खाजगी हक्क कदाचित टिकतील, ही भीती दरबारात घर करून होती. दुसऱ्या बाजूने परदेशी व्यापारी व सल्लागार पक्क्या मालकीहक्कासाठी दबाव आणत होते. डिसेंबर १८४५ मध्ये जमिनीचे हक्क तपासून ठरवणारे मंडळ कायद्याने निर्माण झाले. ते १८५५ पर्यंत चालले आणि माहेले, म्हणजे १८४८ ची ती वाटणी, त्याच्याच कारकिर्दीत झाला.

निकाल आकड्यांत सांगितला तर असा : राजाकडे सुमारे १० लाख एकर, सरकारकडे सुमारे १५ लाख, सरदार व कारभाऱ्यांकडे सुमारे १६ लाख. कसणाऱ्यांसाठी ऑगस्ट १८५० मध्ये कुलेआना कायदा झाला. ज्याने दावा दाखल केला, साक्षीदार आणले, मोजणी करवून घेतली, त्याला तो कसत असलेला तुकडा आणि घरजागा मिळाली. असे मिळालेले सगळे तुकडे एकत्र केले तर भरतात सुमारे २८,६०० एकर. देशाच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. त्याच वर्षी जुलैमध्ये परदेशीयांना जमीन विकत घेण्याची मोकळीक देणारा कायदा झाला होता. या दोन कायद्यांतले अंतर जेमतेम महिन्याचे आहे आणि हवाईच्या पुढच्या दीडशे वर्षांचे दुखणे त्या महिन्यात सापडते, असे मला वाटते. कसणाऱ्याला अवघी खाचरे मिळाली. रान, माळ, समुद्र यांच्यावर तो जगत होता आणि ते त्याच्या सातबाऱ्यात बसणारे नव्हते.

आता मोजणीकडे वळू. कुलेआनांच्या मोजणीला घाईघाईने मिळतील ती माणसे लावली गेली. अलेक्झांडरने पुढे या काळाचे केलेले वर्णन वाचून धक्का बसतो. एकसारखे नियम नव्हते, देखरेख नावालाच होती. कुणाची साखळी पन्नास फुटांची, कुणाची सहासष्ट फुटांची. कुणी खरी उत्तर दिशा धरली, कुणी होकायंत्राची, आणि बहुतेकांनी सुईच्या स्थानिक विचलनाचा विचारच केला नाही. ज्वालामुखीच्या खडकात लोह भरपूर असते. अशा कातळावर उभे राहिले की सुई भलतीकडे वळते. परिणामी शेजारशेजारचे तुकडे कागदावर एकमेकांवर चढले किंवा त्यांच्यामध्ये कुणाचेच नसलेले काप उरले. संपूर्ण देशाचा नकाशा असा नव्हताच. तो करण्यासाठी १८७० मध्ये अलेक्झांडरच्या हाताखाली सरकारी सर्वेक्षण खाते सुरू झाले आणि पुढल्या वर्षी माउई बेटावर त्रिकोणमापनाची पहिली आधाररेषा मोजली गेली. म्हणजे सीमा आयुक्त कामाला लागले तेव्हा ज्या नकाशावर सीमा उमटवायच्या तो नकाशाही अजून तयार होत होता.

१८६२ च्या कायद्याने आयुक्तांना दिलेले काम मर्यादित होते. नावाने बहाल झालेल्या, पण सीमा कुठेही लिहिलेली नाही अशा अहुपुआआ व इलींची हद्द ठरवून दाखला द्यायचा. १८६८ मध्ये पद्धत बदलली आणि ठिकठिकाणचे स्वतंत्र आयुक्त नेमले जाऊ लागले. मालक अर्ज करी. शेजारच्या जमिनींच्या मालकांना नोटीस जाई. ठरल्या दिवशी सुनावणी होई, दोन्हीकडचे साक्षीदार बोलत, मोजणीदार जाऊन खुणा पाहून येई आणि आयुक्त निकाल देई. निकाल पटला नाही तर वरच्या न्यायालयात दाद मागता येई. हवाई बेटावर या कामाचा मोठा भार रूफस लायमन याने उचलला. हिलोमधल्या मिशनरी कुटुंबात जन्मलेल्या लायमनला हवाईयन भाषा लहानपणापासून येत होती. साक्षीदार आपल्या भाषेत बोलत आणि वहीत बरेचदा इंग्रजी उतरे. आज सीमा आयुक्तांच्या ज्या वह्या होनोलुलूच्या राज्य अभिलेखागारात आहेत, त्यांतली पुष्कळ पाने अशी ऐकता ऐकता भाषांतरित झालेली आहेत.

साक्षीदार कोण? ज्यांना कामाआइना म्हणत, त्या भूमीत जन्मलेली आणि वाढलेली माणसे. साक्षीची सुरुवात बहुधा जन्मापासून होते आणि जन्म सनात सांगितलेला नसतो. पहिल्या कामेहामेहाने पेलेलेउ होड्यांचा ताफा बांधला त्या वेळी. ओकुउची साथ आली त्या वेळी. कीहोलोचे मत्स्यतळे बांधायला माणसे गोळा केली त्या वेळी. म्हणजे १८७३ मध्ये आयुक्तापुढे बोलणारा माणूस साठी-सत्तरीच्या पुढे गेलेला असे आणि १८१९ मध्ये जुने धर्मनिर्बंध मोडले त्या आधीचे जग त्याने डोळ्यांनी पाहिलेले असे. नंतर तो सांगतो की ही शीव मला कशी कळली. वडिलांनी दाखवली. आजोबा पाखरे धरायला नेत तेव्हा दाखवली. सरदारासाठी चंदन तोडायला गेलो तेव्हा कळली. काही घराण्यांना सीमांचे ज्ञान मुद्दाम दिले जाई आणि बापाकडून मुलाकडे ते जपून सोपवले जाई, ही गोष्ट न्यायालयांनीही मान्य केली.

मग शीव चालू लागते. समुद्रातल्या अमुक खडकापासून किनाऱ्यावरच्या दगडांच्या राशीकडे, तिथून केवड्याच्या बनाकडे, जुन्या देवळाच्या चौथऱ्यावरून, ओढ्याच्या मधोमध, एका गुहेपाशी (हिच्यात प्रवासी रात्र काढत), मग खडबडीत लाव्हा आणि गुळगुळीत लाव्हा यांच्या सांध्यावरून, जिथे होडीची लाकडे ओढून आणताना थांबत त्या मोकळ्या जागेकडे, पुढे रानात, जिथून ओओ पक्षी मिळू लागतात. प्रत्येक ठिकाणाला नाव आहे. एकेका साक्षीत अशी डझनावारी नावे येतात आणि त्यांतली कितीतरी आज कुठल्याही नकाशावर नाहीत.

पाखरे धरणाऱ्यांच्या जबान्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. मामो आणि ओओ यांची पिवळी पिसे, इइवीची लाल पिसे यांच्यापासून सरदारांचे झगे विणले जात. झाडाचा चीक फांदीला लावून किंवा फासे टाकून हे पक्षी धरत. उआउची पिल्ले बिळांतून ओढून काढत. ती सरदारांच्या ताटातली चीज होती. ज्याच्या जमिनीत पाखरू धरले त्याच्या कारभाऱ्याकडे ते द्यायचे, म्हणून रानाच्या आतली शीव पाखरे धरणाऱ्याला पावलापावलाला ठाऊक असणे भाग होते. शीव ओलांडली तर भांडणे होत, असे साक्षींतून दिसते. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला वरच्या रानातली हद्द माहीत नसे. हजारो एकरांच्या उंच, निर्जन मुलखाचा मालक कोण, हे ठरवताना न्यायासनाला रानात थंडीत कुडकुडत राहिलेल्या माणसांकडेच वळावे लागले. त्यांच्या शब्दावर ज्यांची मालमत्ता पक्की झाली ते दुसरेच होते. राजकन्या बर्निस पौआही बिशप १८८४ मध्ये वारली तेव्हा तिच्या मागे साडेतीन लाख एकरांहून अधिक जमीन होती. सरदार घराण्यांच्या आणि राजाच्या अशा विस्तीर्ण जमिनींच्या हद्दी या साक्षींनी बांधल्या. साक्ष देणाऱ्याच्या नावावर फार तर खाचरांचा एखादा तुकडा असे, अनेकदा तोही नसे.

या जबान्यांकडे भोळेपणाने पाहू नये. साक्षीदार अर्जदाराचे कूळ असू शकतो, त्याच्याकडे मजुरी करणारा असू शकतो. विरुद्ध बाजूचा साक्षीदार त्याच डोंगराचे वेगळेच नाव सांगतो. शिवाय १८७५ मध्ये अमेरिकेशी झालेल्या व्यापारी तहानंतर साखर जकातीशिवाय जाऊ लागली, उसाच्या मळ्यांना जमीन आणि पाणी हवे झाले, वरच्या माळांवर मेंढ्या व गुरे चरू लागली, आणि पूर्वी पाखरांसाठी महत्त्वाची असलेली हद्द भाडेपट्ट्यासाठी महत्त्वाची ठरली. पूर्वी दोन जमिनींच्या मधला काही भाग दोघांच्याही वहिवाटीत असणे शक्य होते. दाखल्यावर मात्र एकच रेषा येते. प्रश्नच असा विचारला जात होता, की रेषा कुठे आहे ते सांग. उत्तरादाखल साक्षीदार वहिवाट सांगत, प्रसंग सांगत, मेलेल्या माणसांची नावे सांगत. आयुक्ताने त्यातून रेषा उचलली आणि उरलेले वहीत पडून राहिले. आपल्याला आज हवे आहे ते हे उरलेले.

काळाची घाई किती होती याची कल्पना जनगणनेवरून येते. १८५० मध्ये बेटांवर ८४,१६५ माणसे होती. १८७२ मध्ये ५६,८९७, तीही परदेशी धरून. १८४८-४९ मध्ये गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू एकापाठोपाठ आले, १८५३ मध्ये देवी आली. म्हणजे माहेलेच्या वहीवरची शाई वाळत असतानाच नावे ओळखणारी माणसे जात होती. जमीनही स्थिर नव्हती. १८५९ मध्ये मौना लोआचा लाव्हा पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि कीहोलो परिसरातली मोठी मत्स्यतळी गिळून गेला. एप्रिल १८६८ मध्ये काऊ परगण्यात प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ लाव्हा वाहिला. खुणेचा दगड, झाड, गुहा सगळेच अशा वेळी नव्या कातळाखाली जाते. मग साक्षीदाराला काळ्या पडलेल्या उतारावर उभे राहून, खाली गाडलेली शीव आठवून सांगावी लागे.

माउईवरच्या पुलेहुनुई या जमिनीच्या सीमांचा खटला १८७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या निकालात समुद्रापासून डोंगरापर्यंतच्या पट्ट्यामागचे तत्त्व न्यायालयाने मांडले : किनाऱ्यावर उबदार वस्ती व मासेमारी, डोंगरात सरपण, होडीचे लाकूड, पाखरे, आणि तिथवर जाण्याची वाट. माउईच्या पूर्व भागातले परगणे हालेआकालाच्या कड्यावरील पोहाकु पालाहा या एका शिळेपाशी एकत्र येतात. तिथून ते उतारावर पसरत जातात. त्या निकालातली मांडणी आजही अभ्यासकांच्या लिखाणात वारंवार येते. मात्र ती वाचताना काओहे आणि हुमुउला डोळ्यांपुढे ठेवाव्यात, नाहीतर पुन्हा शाळेच्या भिंतीवरचे चित्रच हाती लागेल.

सीमा ठरल्या म्हणजे सगळे संपले असे झाले नाही. माहेलेनंतरच्या सनदांत एक राखीव कलम असे : या जमिनीवरील प्रजेचे हक्क वगळून. १८५० च्या कायद्याने कसणाऱ्यांना सरपण, घराचे लाकूड, दोर, शाकारणीचे गवत, 'की' या झुडपाची पाने घेण्याचा, पिण्याच्या पाण्याचा व वाहत्या पाण्याचा, आणि वाटेचा हक्क दिला. हे कलम आजही हवाईच्या कायद्यात आहे. १८९३ मध्ये राज्य उलथले गेले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत सामील केली गेली, राजाच्या आणि सरकारच्या जमिनी परक्या सत्तेकडे गेल्या. तरी जमिनीबाबतचे हे जुने कायदे आणि दाखले न्यायालयांना बाजूला ठेवता आले नाहीत. १९६८ मध्ये मोलोकाई बेटावरच्या एका खटल्यात प्रश्न आला, की समुद्राकडची हद्द नेमकी कुठे. सरकारी मोजणीच्या आकड्यांऐवजी मुख्य न्यायाधीश विल्यम रिचर्डसन यांच्या न्यायालयाने जाणत्या रहिवाशांची साक्ष ग्राह्य धरली आणि लाटांचे पाणी वर जिथवर पोहोचते, त्या खुणेपर्यंत हद्द मानली. त्यामुळे किनारा सर्वांसाठी मोकळा राहण्याला मोठे बळ मिळाले. १९९५ मध्ये कोना किनाऱ्यावरच्या एका बांधकाम प्रकल्पाच्या निमित्ताने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक वहिवाटीचे हक्क अविकसित जमिनीवर टिकून असल्याचे सांगितले. मौना केआच्या माथ्यावरच्या दुर्बिणी काओहेच्याच जमिनीवर उभ्या आहेत. तिथे नव्या प्रचंड दुर्बिणीला २०१५ आणि २०१९ मध्ये कडाडून विरोध झाला. या पर्वताचा सांस्कृतिक इतिहास मांडणाऱ्या अभ्यासांत १८७० च्या दशकातल्या सीमा-साक्षी भरभरून उद्धृत होतात. मामो आणि ओओ हे पक्षी नामशेष झाले आहेत. ते कुठल्या उंचीवर, कोणत्या झाडांत मिळत, हे जाणून घ्यायलाही निसर्गअभ्यासक याच वह्यांकडे येतात.

वाचकांसाठी काही व्यवहारी सूचना. हवाईयन नावांतला कंठातला थांबा देवनागरीत दाखवण्याची सोय नाही; म्हणून अहुपुआआ, काओहे अशी नावे स्वरामागून स्वर लिहून दिली आहेत आणि ती तशीच, स्वर न गाळता वाचावीत. जुन्या वह्यांत एकाच ठिकाणाचे नाव दोन-तीन प्रकारे लिहिलेले आढळते. साक्षीत एखादा माणूस 'वर' म्हणतो तेव्हा उत्तर दिशा अभिप्रेत नसते. दिशा डोंगराकडची आणि समुद्राकडची अशा दोनच मुख्य, म्हणून नकाशा बेटाच्या मध्याकडे वळवून धरला तर चालत गेलेली शीव लवकर कळते. काओहे आणि हुमुउलाच्या साक्षी सुरुवातीला ठेवल्या आहेत. त्यांत दोन्ही बाजूंचे पाखरे धरणारे बोलतात, त्यांचे काही ठिकाणी जमत नाही, आणि कोणाचे कुठे जमत नाही याकडे लक्ष ठेवून वाचले तर पुढच्या सगळ्या प्रकरणांची रीत ध्यानात येईल. किनाऱ्यावरच्या लहान जमिनींच्या साक्षी त्यानंतर येतात. त्यांत मासेमारीच्या हद्दींची माहिती अधिक आहे.